मागील लेख व पुढील लेख : कोशाचा क्रम आणि संगणकाची पृच्छा

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२०च्या दशकात पुण्यात सिद्ध केलेल्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे शरीरखंड अकारविल्हे रचलेले आहेत. छापील खंडात कोणत्या लेखानंतर कोणता लेख यावा हे संपादक ठरवितो आणि पुस्तकाची बांधणी तो क्रम टिकविते. कोश संगणकावर आला की ही बांधणी उरत नाही. डेटाबेसमधील नोंदींना स्वतःचा असा क्रम नसतो; 'मागील' व 'पुढील' हे दुवे पृच्छेनेच शोधावे लागतात.

नोंदीच्या अनुक्रमांकात एक मिळविणे हा मार्ग फसवा होय. अनुक्रमांक केवळ नोंद भरल्याचा क्रम सांगतो. शिवाय एखादी नोंद रद्द झाली की साखळी तुटते. योग्य पृच्छा अशी : प्रस्तुत शीर्षकाहून मोठी शीर्षके घ्यावीत, ती चढत्या क्रमाने लावावीत व पहिले तेवढे उचलावे. मागील लेखासाठी लहान शीर्षके घेऊन क्रम उतरता करावा; तो चढताच राहिल्यास शेजारच्या लेखाऐवजी कोशाचा पहिला लेख हाती येतो.

समान शीर्षकांचा प्रश्न याहून नाजूक आहे. 'कर' म्हणजे हात आणि 'कर' म्हणजे सरकारी देणे, अशा दोन नोंदी असल्यास केवळ 'मोठे शीर्षक' मागणाऱ्या पृच्छेने पुढे जाणाऱ्या वाचकास दोहोंपैकी एकच नोंद भेटते; दुसरी कोशात असूनही त्याच्या दृष्टीस पडत नाही. म्हणून 'शीर्षक मोठे, किंवा शीर्षक समान पण अनुक्रमांक मोठा' अशी जोडअट घालावी.

तथापि 'मोठे' म्हणजे काय, हा मूळ प्रश्न भाषेचा आहे. युनिकोडमध्ये ल, ळ, व, ह यांचे क्रमांक अनुक्रमे २३५४, २३५५, २३५७ व २३६१ आहेत. या क्रमांकांवर विसंबल्यास 'कळस' हा शब्द 'कवच'च्या आधी येतो. मराठी वर्णमालेत मात्र ळ हा ह नंतर आहे. तसेच 'क्षमा' हा शब्द 'कौल'नंतर क वर्गातच पडतो. क्ष जोडाक्षर मानून क मध्ये घालावा की वर्णमालेच्या अखेरीस ठेवावा, याविषयी कोशकारांत एकमत नाही. हा निर्णय यंत्रावर न सोपविता संपादकाने घ्यावा, तो वर्णक्रमाच्या स्वतंत्र रकान्यात नोंदवावा आणि दोन्ही पृच्छा त्याच रकान्यावर चालवाव्यात. असे केले तरच मुद्रित कोशाचे पान उलटणारा आणि संगणकावरील दुवा दाबणारा, असे दोघेही वाचक एकाच लेखापाशी पोहोचतील.