पायथनशी ओळख (भाग ९) : आपण देतो ते आणि नोंदीत राहतं ते

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, शहादा तालुक्यात, रंजना सोनवणे यांना देशातला पहिला आधार क्रमांक मिळाला. तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्या कार्यक्रमासाठी गावात आले होते. क्लास शिकताना नवे विद्यार्थी हमखास अडखळतात ती जागा समजावायला मला आधारइतकं चोख उदाहरण दुसरं सापडलेलं नाही.

नोंदणी करताना आपण नाव, जन्मतारीख, पत्ता सांगतो, बोटांचे ठसे देतो. क्रमांक आपण देत नाही. तो आपल्याला मिळतो. नोंदणीच्या वेळी आत दिलेली माहिती म्हणजे कन्स्ट्रक्टरची आर्ग्युमेंट्स. नोंद तयार झाल्यावर तिच्यात जे राहतं, ते त्या इन्स्टन्सचे ॲट्रिब्यूट. बहुतेक पाठ्यपुस्तकांतल्या पहिल्या उदाहरणात या दोन्ही याद्या तंतोतंत सारख्या असतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. आपण मुद्दाम वेगळ्या ठेवू :

क्लास नोंद:
    डेफ __इनिट__(सेल्फ, नाव, पत्ता):
        सेल्फ.नाव = नाव
        सेल्फ.पत्ता = पत्ता
        सेल्फ.क्रमांक = नवा_क्रमांक()
        सेल्फ.बदल = []

(क्लास, डेफ, सेल्फ, इनिट हे शब्द संगणकावर रोमन लिपीत टाइप करा. नाव, पत्ता ही आपण ठेवलेली नावं पायथन ३ मध्ये देवनागरीतही चालतात.)

आर्ग्युमेंट्स दोन, ॲट्रिब्यूट चार. नवा_क्रमांक हे फंक्शन आपण वेगळं लिहायचं. खरा आधार क्रमांक १२ अंकी असतो, ० किंवा १ ने सुरू होत नाही, आणि त्याचा शेवटचा अंक आधीच्या ११ अंकांवरून व्हेरहॉफ पद्धतीने काढलेला असतो. अशी गोष्ट नागरिकाला विचारायची नसतेच, म्हणून ती कंसात नाही.

आता पत्त्याची ओळ नीट पाहा. उजवीकडचा पत्ता __इनिट__ चालू आहे तोवरच जिवंत असतो. डावीकडचा सेल्फ.पत्ता इन्स्टन्सबरोबर राहतो. दोघांचं नाव एक आहे ते केवळ सोयीसाठी, सेल्फ.ठिकाण = पत्ता असं लिहिलं तरी पायथनची हरकत नाही. पण सेल्फ विसरून नुसतं पत्ता = पत्ता लिहिलंत, तरीही पायथन गप्प राहतो. नोंद तयार होते. पुढे कधीतरी तिचा पत्ता विचारला की ॲट्रिब्यूट-एरर येते, आणि चूक झाली ती ओळ तोवर बरीच मागे राहिलेली असते. त्या मानाने आर्ग्युमेंट द्यायला विसरलात तर बरं. टाइप-एरर जागच्या जागी येते.

बदलांची रिकामी यादी मात्र आर्ग्युमेंटची डीफॉल्ट किंमत म्हणून कंसात लिहू नका. तशी यादी एकदाच बनते आणि सगळ्या नोंदी तीच वापरतात. मग एकाने बदललेला पत्ता गावातल्या प्रत्येकाच्या नोंदीत दिसू लागेल.

यापेक्षा खोल अडचण वेगळी आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्याआधी कुणी नाव आणि जिल्हा घेणारा तालुका हा क्लास लिहून शहादा = तालुका("शहादा", "धुळे") असा इन्स्टन्स बनवला असता, तर त्या दिवशी शहादा.जिल्हा = "नंदुरबार" ही एक ओळ पुरली असती. पण __इनिट__मध्येच नाव आणि जिल्हा जोडून सेल्फ.पूर्ण_पत्ता बनवून ठेवला असेल, तर तिथे "शहादा, धुळे" तसंच राहणार. __इनिट__ इन्स्टन्स बनताना एकदा चालतं. नंतर ॲट्रिब्यूट बदलला म्हणून ते पुन्हा चालत नाही.

म्हणून माझं मत ठाम आहे : दुसऱ्या ॲट्रिब्यूटवरून काढता येतं आणि बदलू शकतं, ते साठवू नये; लागेल तेव्हा मेथडने काढावं. आधार क्रमांकाची गोष्ट निराळी. तो एकदाच ठरतो, पत्ता बदलला तरी तोच राहतो, म्हणून तो साठवायलाच हवा.

हे दोन्ही क्लास या आठवड्यात स्वतः टाइप करा आणि एका ओळीतलं सेल्फ काढून काय होतं ते पाहा. पुढच्या भागात पूर्ण पत्त्यासाठी प्रॉपर्टी लिहू.