पिलांचा तोल जाणे : निदान व उपचार

कोंबडीच्या पिलाचा तोल जाणे हा स्वतंत्र रोग नव्हे. ते अनेक विकारांचे समान लक्षण होय. म्हणून उपचारापूर्वी पिलाचे वय, मान व पाय यांचे निरीक्षण अगत्याचे ठरते.

थायमिनच्या अभावी मान आखडून डोके पाठीकडे वळते. केवळ सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचा मज्जाविकार कोंड्याने बरा होतो, हे आइकमन यांनी जावा बेटात १८९७ पर्यंत दाखवून दिले होते. अशा पिलाची भूक मंदावलेली असल्याने थायमिन चोचीतून पाजावे अथवा टोचावे. बहुधा काही तासांतच उतार पडतो.

रिबोफ्लेविनच्या अभावी पायाची बोटे आत मुडपतात. मज्जातंतूंची हानी जुनी झाल्यास गुण येत नाही. ई जीवनसत्त्वाच्या अभावी, विशेषतः खाद्यातील स्निग्धांश खवट झाल्यास, साधारणतः दोन ते चार आठवड्यांच्या पिलांच्या लहान मेंदूत सूज व रक्तस्राव होतो. येथे रोगी पिलू क्वचितच पूर्ववत होते. मात्र ताजे खाद्य व ई जीवनसत्त्व दिल्याने उर्वरित कळप वाचतो.

राणीखेत रोगातही मान पिरगळते. तेथे जीवनसत्त्वांनी रोग हटत नाही. यास्तव निदान होईपर्यंत पिलू वेगळे ठेवावे, त्यास ऊब द्यावी व उथळ भांड्यातून पाणी पाजावे. थायमिनने गुण आल्यास निदानास पुष्टी मिळते. गुण न आल्यास, किंवा अनेक पिले एकदम आजारी पडल्यास, मृत पिलाची शवपरीक्षा करविणे आवश्यक होय; कारण तेव्हा प्रश्न एका पिलाचा न राहता संपूर्ण कळपाचा असतो.