तरोटा की कासविंदा?

गेल्या दिवाळीला आम्ही सहकुटुंब हिंगोली जिल्ह्यात, माझ्या सासुरवाडीला गेलो होतो. कयाधू नदीच्या काठचे गाव. दुसऱ्याच दिवशी अंगणात आमच्या धाकटीने भातुकली मांडली. बांधावरून शेंगा तोडून आणल्या, सोलल्या आणि ‘वरण’ शिजायला ठेवले. चव पाहावी म्हणून दाणा तोंडात टाकणार, तोच सासूबाई धावत आल्या. “थुंक! टाक आधी तो दाणा!”

मी हसून म्हणालो, “अहो, तरोटाच तो. पावसाळ्यात त्याची भाजी तुम्हीच खाऊ घालता की!”

“जावईबापू, हा तरोटा नव्हे. कासविंदा आहे. चला, दाखवते.”

बांधावर दोघेही शेजारी शेजारी उभे होते. दोघांनाही पिवळी फुले. वासावर जाल तर फसाल, कारण दोघांच्याही पानांना उग्र दर्प. सासूबाईंनी एकेक पान माझ्या हातावर ठेवले. तरोट्याच्या देठावर पानांच्या तीन जोड्या, टोके गोलसर. कासविंद्याला बहुधा चार-पाच जोड्या आणि टोके अणकुचीदार. तरोट्याची शेंग विणकामाच्या सुईसारखी बारीक, लांब, वाकडी. आतले बी टोकदार कोपऱ्यांचे. कासविंद्याची शेंग चपटी, मधोमध तपकिरी आणि कडांना फिकट. आत चपट्या बियांची रांग. पाहिल्यावर वाटले, इतके सोपे, तरी आम्हा पदवीधरांना दिसत नव्हते!

लिनियसने 1753 सालीच या दोन झुडपांना वेगळी नावे दिली होती. कासविंद्याला संस्कृतात कासमर्द म्हणतात. म्हणजे खोकल्याला चिरडणारा. औषधी म्हणून त्याचा असा लौकिक. पण मुलांनी त्याच्या बिया खाल्ल्या तर मात्र अनर्थ.

परत आल्यावर मी या विषयाची माहिती काढली आणि अंगावर काटा आला. उत्तर प्रदेशात बिजनौरच्या बाजूला पावसाळा सरला की लहान मुले एकाएकी आजारी पडत. ओकाऱ्या होत, शुद्ध हरपे, कित्येक दगावत. विषाणूचा मेंदूज्वर असावा, असा समज होता. 2007 साली डॉ. विपिन वशिष्ठ व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा संबंध कासविंद्याच्या बियांशी जोडून दाखवला. या विषाने यकृत, स्नायू आणि मेंदू या तिघांवर आघात होतो. 2016 साली ओडिशातील मलकानगिरीच्या बालमृत्यूंच्या वेळीही तज्ज्ञांनी याच झुडपाकडे बोट दाखवले. मुलांना ना भूत लागले होते, ना दृष्ट. खेळता खेळता तोंडात गेलेल्या बिया होत्या.

आणि या शेंगा पिकतात केव्हा? नेमक्या दिवाळीच्या सुमाराला, मुले सुट्टीत आजोळी धावतात तेव्हा!

म्हणून सुट्टीला निघताना मुलांना एवढे बजावा: रानातली कोणतीही शेंग मोठ्यांना दाखवल्याशिवाय तोंडात घालायची नाही. चुकून कुणी खाल्लीच, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठा, आणि ती शेंग व फांदी बरोबर न्या. डॉक्टरांना अर्धे उत्तर त्यातच मिळेल.

आता आमच्या धाकटीची भातुकली चुरमुऱ्यांवर चालते. आजीने मात्र तिला दोन्ही झुडपे पाठ करून ठेवली आहेत. परवा तिने मलाच विचारले, “बाबा, सांगा पाहू, जोड्या तीन की पाच?”




या वेळी मी नीट मोजून उत्तर दिले.