स्नॅप स्कोअर: वजन कळतं, उतारा नाही

वजन आणि उतारा यांतला फरक ऊसवाल्याला शिकवावा लागत नाही. माळेगाव असो, सोमेश्वर असो की इंदापूर तालुक्यातला भवानीनगरचा छत्रपती साखर कारखाना, काट्यावर टन मोजले जातात, पण एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, बांधलेली असते साखर उताऱ्याशी, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाशी. २०२५-२६ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला ती टनामागे ३,५५० रुपये ठरली. उतारा चढला की दरही चढतो.

इंदापूरकडच्या गावांतून एसटीने बारामतीला कॉलेजला येणाऱ्या मुलांच्या मोबाइलमध्येही एक काटा आहे: स्नॅपचॅटचा स्नॅप स्कोअर. पाठवलेले आणि आलेले स्नॅप (फोटो, व्हिडिओ), टाकलेल्या स्टोरी आणि आणखी काही बाबी मिळून हा आकडा बनतो. नेमकं सूत्र कंपनीने उघड केलेलं नाही, त्यामुळे ‘एका स्नॅपला एक गुण’ असली गणितं पक्की मानू नयेत. शिवाय हा आकडा खातं उघडल्यापासून साठत आलेला असतो. जुन्या खात्याचा स्कोअर मोठा दिसतो, म्हणून तो मुलगा आज जास्त बोलतो असं होत नाही.

खरा जाच ‘स्ट्रीक’चा. त्यात दोघा मित्रांनी दर २४ तासांत एकमेकांना स्नॅप पाठवायचा. तीन दिवस झाले की नावापुढे आगीचं चिन्ह येतं, मोडायची वेळ आली की वाळूचं घड्याळ. नुसत्या लिहिलेल्या गप्पा इथे धरल्या जात नाहीत. म्हणजे एसटीच्या छताचा अंधुक फोटो मोजला जातो, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री मित्राला तासभर लिहून दिलेला धीर मोजला जात नाही! माझ्या मते या मोजमापाचा मोठा दोष हाच आहे. मोजमापच उद्दिष्ट झालं की ते मोजमाप म्हणून निकामी होतं, हा विचार ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी तो १९७५ मध्ये चलनधोरणाच्या संदर्भात मांडला होता.

स्ट्रीकचा आकडा सोडवत का नाही, याचं उत्तर मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांच्या १९७९ च्या सिद्धांतात सापडतं. मिळाल्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावल्याचं दुःख माणसाला जास्त होतं. स्ट्रीक जितकी लांब, तितकं गमावण्यासारखं जास्त.

म्हणून घरातल्या मुलीची दोनशे दिवसांची स्ट्रीक तुटली आणि ती रडवेली झाली, तर तिला हसू नका. तुटलेली स्ट्रीक जोडून द्यायला कंपनी पैसेही घेते, हे तिला सांगा. आणि जिच्याबरोबर ती स्ट्रीक होती, त्या मैत्रिणीला फोन लावायला सांगा.