मणक्यापर्यंत पोचलेला कॅमेरा

गेल्या वर्षी श्रावणातली गोष्ट. पाण्याचा पिंप सरकवताना ह्यांच्या कमरेत उसण भरली. उसण काय, घरोघरी भरते! शेक झाला, मलम झालं, सासूबाईंनी निर्गुडीचा पाला गरम करून बांधला. चार दिवसांनी कळ डाव्या पायात उतरली, तरी हे भोसरीला कामावर जात राहिले. खाडा झाला की पगार कापला जातो, आणि काम म्हणजे दिवसभर लोखंडी कास्टिंग उचलून मशीनवर चढवायची! पुढचे सहा आठवडे काय काय उपाय केले ते सगळं सांगत बसत नाही. एक मालीशवाला ह्यांच्या कमरेवर चक्क पाय देऊन चालला, आणि मी शेजारी तेलाची वाटी धरून उभी होते.

मग एका सकाळी चालता चालता ह्यांच्या डाव्या पायातली चप्पल निसटली आणि ह्यांना ते कळलंच नाही. पायाचा अंगठा वर उचला म्हटलं, तर तो उचलेना. मी शाळेत अर्धवेळ का होईना, शास्त्र शिकवते; एवढं मला समजायला हवं होतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठले, एमआरआय झाला. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी सरकून पायाकडे जाणारी नस दाबली गेली होती. तळताना करंजी उकलून सारण बाहेर यावं, तसं गादीच्या आतलं मऊ द्रव्य बाहेर आलं होतं.

"बहुतेकांचं दुखणं औषधं, व्यायाम आणि थोडी सबुरी यांनीच बरं होतं," डॉक्टर म्हणाले. "पण ह्यांच्या पायातली ताकद जायला लागली आहे. आता थांबण्यात शहाणपण नाही."

ऑपरेशन म्हटल्यावर सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. आमच्या गावाकडे मणक्याचं ऑपरेशन म्हणजे जन्माचं अंथरूण, अशी समजूत. त्यांनाच का हसावं? माझेही हातपाय गळाले होते. घरात मिळवता माणूस एक, आणि माझा पगार तो केवढा!

सरकलेल्या गादीमुळे पाय दुखतो, हे अमेरिकेतल्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी १९३४ साली दाखवून दिलं. त्यानंतर कित्येक वर्षं ऑपरेशन म्हणजे पाठ उघडायची, स्नायू हाडापासून सोडवायचे, थोडं हाड काढायचं आणि मग गादीपर्यंत पोचायचं. एवढ्याशा तुकड्यासाठी एवढी मोठी वाट! टोकियोच्या हिजिकाता यांनी १९७५ मध्ये कातडीतून बारीक नळी घालून गादीचा भाग काढून पाहिला. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या फोली आणि स्मिथ यांनी नळीतून दुर्बीण घालून काम करण्याची रीत मांडली. आता नळी आत घालायची खरी, पण ती नेमकी कुठे टोचायची? इथे यंत्राचे डोळे लागतात.

पहिला डोळा म्हणजे सी-आर्म. इंग्रजी सी अक्षरासारखी कमान; एका टोकाला क्ष-किरणांची नळी, दुसऱ्या टोकाला ते किरण झेलणारा भाग, आणि मध्ये टेबलावर रोगी. कमान फिरवली की मणका समोरून दिसतो, आडवी केली की बाजूने. फोटो धुवून यायची वाट पाहायला नको, चित्र तिथल्या तिथे पडद्यावर! फिलिप्स कंपनीने असं फिरतं यंत्र १९५५ साली आणलं. पूर्वी किरणांचं अंधुक चित्र एका नळीत उजळून टीव्ही कॅमेऱ्याने टिपत. आता पुष्कळ यंत्रांत त्या जागी सपाट पाटी असते. आमच्या ऑपरेशनच्या खोलीतलं यंत्र कुठून आलं असेल? चाकणहून! याच कंपनीची ही यंत्रं तिथल्या कारखान्यात तयार होतात; २०१९ मध्ये आलेली झेनिशन नावाची सी-आर्मसुद्धा तिथलीच. चाकण म्हणजे कांद्याचा बाजार आणि मोटारींचे कारखाने, एवढंच मला ठाऊक होतं.

ह्यांना पूर्ण भूल दिली नाही, फक्त जागा बधिर केली. पालथं झोपवून, सी-आर्मच्या चित्रात पाहत, पाठीच्या बाजूने सुई नेली. नस आणि हाड यांच्यामध्ये एक त्रिकोणी मोकळी जागा असते. ती काम्बीन नावाच्या डॉक्टरांच्या नावाने ओळखतात. सुईवरून तार, तारेवरून नळी, आणि नळीतून पेन्सिलीएवढ्या जाडीची दुर्बीण. तिच्यातच दिवा, कॅमेरा, पाणी सोडायची वाट आणि बारीक चिमटा जाण्याची वाट. पाणी सतत वाहतं ठेवतात, त्यामुळे रक्त धुऊन जातं आणि चित्र स्वच्छ राहतं. मधूनच डॉक्टर विचारत, "पायात कळ येते का?" नसेला धक्का लागला तर रोगीच सांगणार! हे म्हणतात, एका क्षणी पायातली ओढ सुटली, जणू कुणी दोरी कापली.

नंतर डॉक्टरांनी चित्रण दाखवलं. पांढरीशुभ्र नस, तिच्यावर केसासारख्या लाल रेषा, आणि चिमट्यात आलेला ओल्या खोबऱ्याच्या तुकड्यासारखा तो गुन्हेगार. ह्यांच्या पाठीवर मात्र टीचभरसुद्धा जखम नाही. नखाएवढी खूण, वर एक टाका.

पण मैत्रिणींनो, दुर्बीण म्हणजे जादूची कांडी नव्हे. नस वाहणारी पोकळीच फार अरुंद झाली असेल किंवा मणका हलत असेल, तर काहींना वेगळं, मोठं ऑपरेशन लागतं. मणक्यात स्क्रू बसवायचे असतील तेव्हा काही ठिकाणी आणखी एक कॅमेरा वापरतात. तो शरीराच्या आत जात नाही. स्टँडवर बसून हत्यारांना लावलेल्या चकाकत्या गोळ्या डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात पाहतो आणि स्क्रू कुठे चालला ते पडद्यावर दाखवतो. डॉक्टरांना तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: माझ्यासाठी हीच पद्धत का, तुम्ही ती किती वेळा केली आहे, आणि एकूण खर्च किती. क्ष-किरणांच्या खोलीतली माणसं शिशाचा एप्रन घालतात तो उगीच नव्हे. दिवस गेले असतील, नुसती शंका जरी असली, तरी आधी सांगावं.

लघवी अडली, कळेनाशी झाली किंवा मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा आला, तर घरगुती उपाय करत बसू नये. रात्र असली तरी दवाखाना गाठावा. बायका हे लाजेने सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. आणि भरलेला गॅसचा सिलिंडर! एकटीने कमरेत वाकून उचलायचा नाही. गुडघ्यात वाकायचं, ओझं अंगाशी धरायचं, नाहीतर सरळ शेजारणीला हाक मारायची.

हे तीन महिन्यांनी कामावर रुजू झाले. कास्टिंग उचलायचं काम सुटलं, आता तपासणीच्या टेबलावर असतात. कळ गेली ती गेलीच. अंगठा मात्र अजून पुरता उचलत नाही; नस फार दिवस दबलेली होती, तिला वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणतात. उंबरा ओलांडताना ह्यांची चप्पल कधी कधी अडते. मी स्वयंपाकघरात असले तरी तो आवाज मला ऐकू येतो.