प्रारंभ, बुद्धिबळातील

बुद्धिबळाच्या डावातील पहिल्या साधारणपणे दहा ते पंधरा चालींचा टप्पा. या टप्प्यात दोन्ही बाजूंची मोहरी मूळ घरांवरून बाहेर पडून पुढील लढतीस योग्य अशा जागा घेतात. डावाचे प्रारंभ, मध्य व अंत असे तीन भाग सोयीसाठी मानतात. त्यांच्या सीमारेषा काटेकोर नाहीत. वारंवार खेळल्या गेलेल्या व कसून तपासलेल्या आरंभीच्या चालींच्या मालिकांना स्वतंत्र नावे मिळाली आहेत. काळ्याच्या निवडीने ज्यांचे स्वरूप ठरते, त्यांना सामान्यतः ‘बचाव’ म्हणतात. वेळ किंवा जागा मिळविण्यासाठी आरंभीच प्यादे देऊ केले जाते, त्या प्रकारास ‘गँबिट’ असे नाव आहे. या मालिका पाठ कराव्यात की समजून घ्याव्यात, हा हौशी खेळाडूपुढील मुख्य प्रश्न होय.

पटावरील उभ्या रांगांना पांढऱ्याच्या डावीकडून ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी अक्षरे आणि आडव्या रांगांना पांढऱ्याच्या बाजूकडून १ ते ८ असे अंक देतात. पुढील चाली याच पद्धतीने दिल्या आहेत. घो म्हणजे घोडा, उं म्हणजे उंट, व म्हणजे वजीर व रा म्हणजे राजा. अक्षर नसल्यास ती चाल प्याद्याची समजावी. × हे मारण्याचे व + हे शहाचे चिन्ह आहे.

इतिहास : जुन्या अरबी शतरंजात वजीर व उंट यांची शक्ती अल्प असल्याने दोन्ही पक्ष आपापल्या अर्ध्या पटावर व्यूह रचीत व नंतर लढतीस प्रारंभ होई. अशा ठराविक व्यूहांना ‘ताबिया’ म्हणत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस यूरोपात वजीर व उंट यांना आजची शक्ती मिळाली आणि पहिल्या काही चालींतच मात होणे शक्य झाले. त्यामुळे प्रारंभाच्या अभ्यासाला निकड आली. लुसेना याच्या १४९७ मध्ये सलामांका येथे छापलेल्या ग्रंथात प्रारंभांची चर्चा आहे. स्पॅनिश धर्मगुरू रुय लोपेझ याचा ग्रंथ १५६१ मध्ये प्रसिद्ध झाला. फिलिडॉर (१७२६–९५) या फ्रेंच खेळाडूने १७४९ मधील ग्रंथात प्याद्यांच्या रचनेचे महत्त्व प्रतिपादन केले. १९७४ पासून बेलग्रेड येथून प्रसिद्ध होऊ लागलेल्या प्रारंभकोशात सर्व प्रारंभांची पाच खंडांत व ५०० क्रमांकांत विभागणी केलेली आहे.

या क्षेत्रात भारतीय खेळाचाही ठसा उमटला आहे. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरकत असे; त्यामुळे मध्यभागी लगेच घुसण्याऐवजी बाजूचे प्यादे एक घर सरकवून त्यामागे उंट बसविण्याकडे कल असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉक्रन या ब्रिटिश खेळाडूविरुद्ध अशा रचना खेळत. ‘भारतीय बचाव’ या नावाचे मूळ तेथे आहे.

मूलतत्त्वे : पहिल्या चालीसाठी पांढऱ्यास २० पर्याय असतात व काळ्यासही तितकेच. दोन्ही बाजूंच्या दोन-दोन चाली एकूण १,९७,२८१ प्रकारे खेळता येतात. तेव्हा सर्व मालिका स्मरणात ठेवणे अशक्य आहे. चालींमागील हेतूच मार्गदर्शक ठरतो. हे हेतू मुख्यतः तीन आहेत. पहिला, ई४, डी४, ई५ व डी५ या मध्यवर्ती चार घरांवर ताबा मिळविणे. कारण मध्यातील मोहऱ्याचा मारा अधिक घरांवर असतो. घोडा कोपऱ्यात असता केवळ दोन, तर मध्यभागी आठ घरांवर मारा करतो. दुसरा, एकच मोहरे पुनःपुन्हा न हलविता घोडे व उंट त्वरेने बाहेर काढणे. तिसरा, किल्लेकोट करून राजास सुरक्षित ठेवणे. वजीर फार लवकर बाहेर काढू नये, या प्रसिद्ध नियमाचे कारणही असेच साधे आहे : प्रतिपक्ष त्यावर हल्ला करीत आपली मोहरी बाहेर काढतो व वजिराला मात्र पळण्यात चाली दवडाव्या लागतात.

पाठांतराची मर्यादा : फिलिडॉरचा गुरू लेगाल (१७०२–९२) याच्या नावाने ओळखली जाणारी मात या दृष्टीने उद्‌बोधक आहे. १. ई४ ई५ २. घो-एफ३ डी६ ३. उं-सी४ उं-जी४ ४. घो-सी३ जी६ अशी सुरुवात झाल्यावर पांढरा वजिराची पर्वा न करता ५. घो×ई५ खेळतो. काळ्याने वजीर घेतल्यास (५... उं×डी१) ६. उं×एफ७+ रा-ई७ ७. घो-डी५ ही मात होते. काळ्याने ५... डी×ई५ असे घोडा मारला, तर ६. व×जी४ खेळून पांढरा उंट परत मिळवितो व एका प्याद्याने पुढे राहतो.

ही मालिका पाठ केलेला खेळाडू ती संधी मिळताच खेळू पाहतो. परंतु काळ्याने चौथ्या चालीत जी६ ऐवजी घो-सी६ खेळले असेल, तर ५. घो×ई५ ही घोडचूक ठरते. काळा ५... घो×ई५ असे उत्तर देतो. त्याचा घोडा आता जी४ वरील उंटास जोर देतो आणि पांढऱ्याने वजिराने तो उंट मारल्यास वजीर गमवावा लागतो. पांढऱ्याचा घोडा केवळ एका प्याद्याच्या मोबदल्यात जातो. दोन्ही स्थितींत फरक एकाच चालीचा असला, तरी निकाल उलट होतो. पहिल्या स्थितीत जी४ वरील उंट बिनजोर होता, म्हणून ती युक्ती साधली, हे ज्याने जाणले, तोच दुसऱ्या स्थितीत थांबतो.

तत्त्वांची मर्यादा : याउलट केवळ सर्वसाधारण तत्त्वांवर विसंबणेही पुरेसे नाही. १. ई४ ई५ २. घो-एफ३ घो-सी६ ३. उं-सी४ घो-एफ६ या दोन घोड्यांच्या बचावात पांढरा ४. घो-जी५ खेळून एफ७ या घरावर दुहेरी मारा करतो. एकच घोडा दोनदा हलविल्याने येथे तत्त्वभंग होतो. तरीही काळ्यास सावध राहावे लागते. ४... डी५ ५. ई×डी५ यानंतर ५... घो×डी५ ही सहज सुचणारी चाल धोक्याची आहे, कारण ६. घो×एफ७ रा×एफ७ ७. व-एफ३+ नंतर डी५ वरील घोडा राखण्यासाठी राजास ई६ या उघड्या घरावर यावे लागते. म्हणून काळा बहुधा ५... घो-ए५ खेळून प्रथम उंटावर हल्ला करतो. अशा तीव्र मालिकांत नेमक्या चाली स्मरणात ठेवणे इष्ट असते. मात्र त्यांचे कारण ठाऊक असल्यास त्या विसरण्याचा संभव कमी होतो.

प्याद्यांची रचना : प्रारंभातून निर्माण होणारी प्याद्यांची मांडणी मध्य डावाची दिशा ठरविते. फ्रेंच बचावातील १. ई४ ई६ २. डी४ डी५ ३. ई५ या प्रकारात पांढऱ्याची प्यादी डी४ व ई५ येथे साखळीसारखी जोडली जातात. त्यास राजाच्या बाजूस अधिक जागा मिळते. काळ्याचा सी८ वरील उंट मात्र स्वतःच्याच ई६ या प्याद्यामागे कोंडला जातो. साखळीवर तिच्या पायाशी घाव घालावा, हे तत्त्व आरन निमझोविच (१८८६–१९३५) याने आग्रहाने मांडले. त्यानुसार काळा ३... सी५ आणि पुढे घो-सी६ व व-बी६ अशा चालींनी डी४ वरील प्याद्यावर दडपण आणतो, तर पांढरा सी३ व घो-एफ३ खेळून त्यास जोर देतो. हा संघर्ष ध्यानात आल्यास चालींचा क्रम बदलला, तरी खेळाडू गोंधळत नाही.

अभ्यासपद्धती : हौशी खेळाडूस वेळ थोडा असल्याने पांढऱ्याकडून एक आणि काळ्याकडून ई४ व डी४ यांना एकेक उत्तर, एवढी निवड आरंभी पुरेशी होते. निवडलेल्या प्रारंभातील श्रेष्ठ खेळाडूंचे संपूर्ण डाव पटावर मांडून पाहावेत. केवळ पहिल्या दहा चाली पाहिल्यास त्यांचे प्रयोजन कळत नाही. प्रत्येक चालीशी ती कशासाठी आणि ती न खेळल्यास काय होईल, हे दोन प्रश्न विचारावेत. स्वतःचे डाव लिहून ठेवावेत व आपण परिचित मार्गापासून प्रथम कोठे ढळलो, हे डाव संपल्यावर शोधावे. संगणकामुळे हे काम सुकर झाले आहे. तथापि संगणक उत्तम चाल दाखवितो, तिचे कारण सांगत नाही. ते खेळाडूनेच शोधावे लागते. प्रारंभातील अल्प लाभ अननुभवी खेळाडूंच्या डावात पुढील एका चुकीने नाहीसा होतो, म्हणून डावपेच व अंतिम डाव यांच्या सरावास प्रारंभाइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व द्यावे लागते.

देशी पद्धतीत वाढलेल्या मीर सुलतानखान यांचे प्रारंभविषयक ग्रंथज्ञान अत्यल्प होते. तरीही त्यांनी १९२९, १९३२ व १९३३ या वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले आणि हेस्टिंग्ज येथील १९३०–३१ च्या स्पर्धेत माजी जगज्जेता कापाब्लांका याला हरविले. प्रारंभातील उणीव ते मध्य व अंतिम डावांतील असामान्य जाणिवेने भरून काढीत. प्रारंभांच्या वाढत्या पाठांतरास कंटाळून माजी जगज्जेता बॉबी फिशर (१९४३–२००८) याने १९९६ मध्ये आरंभीची मोहरी ९६० प्रकारे मांडता येतील, असा खेळप्रकार पुढे आणला. त्यात पाठ केलेल्या मालिका निरुपयोगी ठरतात. मध्यावरील ताबा, मोहऱ्यांची त्वरित मांडणी व राजाची सुरक्षितता ही तत्त्वे मात्र तेथेही लागू पडतात.