ओब: श्वास कोंडणारी नदी

अल्ताईतल्या बिया आणि कातून या नद्या बीस्क शहराजवळ मिळतात, तिथून ओब सुरू होते. पुढे ३६५० किलोमीटर. इर्तिश या उपनदीच्या उगमापासून मोजलं तर ५४१०. पण तिचा स्वभाव कळतो तो उतारावरून. नोवोसिबिर्स्कपासून ओबच्या आखातापर्यंत सुमारे ३००० किलोमीटरमध्ये ती शंभर मीटरही उतरत नाही. एवढ्या सपाटीवर पाणी वाहतं कमी, पसरतं जास्त. डाव्या अंगाला वास्युगानची दलदल आहे, सुमारे ५३००० चौरस किलोमीटरची.

वसंतात दक्षिणेकडचा बर्फ आधी वितळतो, तेव्हा उत्तरेकडे नदी अजून गोठलेलीच असते. अडलेलं पाणी काठच्या कुरणांवर चढतं. या उथळ, ऊन खाल्लेल्या पाण्याला तिथे ‘सोर’ म्हणतात. मुकसून, पेलेद, चिर हे सॅमनच्या कुळातले चंदेरी मासे उन्हाळाभर तिथे चरून माजतात.

हिवाळ्यात तीच दलदल उलटते. लोह आणि कुजका पालापाचोळा मुरलेलं तपकिरी पाणी बर्फाखालून नदीत झिरपत राहतं. वर बर्फाचं झाकण, त्यामुळे नवा प्राणवायू मिळत नाही आणि असलेला संपत जातो. हा ‘झामोर’. तो मध्य ओबमधून खाली सरकतो आणि मासे त्याच्यापुढे पळत सुटतात: काही ओबच्या आखातात, काही उरलमधून येणाऱ्या सेवेर्नाया सोस्वासारख्या निर्मळ नद्यांत. मागे राहिलेले जिवंत झऱ्यांच्या तोंडाशी दाटीवाटीने जमतात. खांती या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या कोळ्यांना या जागा पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहेत.

मुकसून हा चढणीचा मासा. आखातातून हजाराहून जास्त किलोमीटर वर, पार तोम या उपनदीपर्यंत तो विणीला जातो. इतकी पायपीट (माशाला हा शब्द शोभत नाही, पण असो) कशाला? कारण अंडी हिवाळाभर तळाच्या खडीत पडून राहतात. झामोरच्या पाण्यात ती जगणार नाहीत. म्हणून दलदलीच्या वर जायचं. पिल्लं मग पुराबरोबर आपसूक खाली येतात.

या हिशेबात माणूस शिरला. १९५७ मध्ये वीज देऊ लागलेल्या नोवोसिबिर्स्कच्या धरणाने स्टर्जन आणि नेल्मा या माशांची वरची वाट तोडली. मुकसूनचं दुखणं मात्र एकट्या धरणाच्या माथी मारता येत नाही. तोममधून बांधकामासाठी खडी उपसली गेली आणि चोरटी मासेमारी कधी थांबलीच नाही. ओबच्या खोऱ्यात २०१४ पासून मुकसूनच्या व्यापारी मासेमारीवर बंदी आहे. केंद्रांत अंडी उबवून पिल्लंही सोडली जातात. ती विणीला यायला बरीच वर्षं जावी लागतात.